बिनदुधाचं चॉकलेट पुडिंग अन् गंजातल्या गुठळ्या

मागच्या अंकात याच पानावर मी सहज एक ओळ लिहून गेले, की चॉकलेटचं पुडिंग दुधाशिवाय होतं आणि चुलीवरही होतं. रेसिपी काही लिहिली नाही. झालं, या महिन्याची सगळी पत्रं त्याच्यावरच, काही माझ्यावर रागावून लिहिलेली, आणि काही आधीच आपल्या मनानं करून, बिघडवून, मग लिहिलेली. लोणच्याचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, कैरी काही पळून जात नाही.

प्रश्न : "ताई, माह्या पोरीले दूध पचत नाही, पोट दुखते अन् गुरगुरते. येत्या पंधरवड्यात तिचा वाढदिवस आहे, नऊ पूर्ण होऊन राहिले. तिले चॉकलेटचंच पाहिजे. घरी ओव्हन नाही. केक मागवावा तर तालुक्यावरून एसटीनं आणेपर्यंत त्याचा चिखल होते, अन् त्यात दूध असतेच. दुधाबिगर, अंड्याबिगर, सोपं काही सांगा न."
– एक आई, दारव्हा तालुका

उत्तर : बाई, तुम्हाला बाजारातून एकच वस्तू आणायची आहे, कोको पावडर. आणि कॉर्नफ्लॉर, ते एक धरा. बाकी घरात आहे. दूध आपण फल्लीदाण्याचं, म्हणजे शेंगदाण्याचं काढू, कारण चॉकलेट आणि भाजल्या दाण्याची चव एकमेकीला धरून असते, आणि आपल्याकडे दाणे नसलेलं घर मला तरी माहीत नाही.

शंभर ग्रॅम कच्चे फल्लीदाणे रात्री पाण्यात टाका. सकाळी चोळून सालं काढा, नीट काढा, कारण सालाचा तुरटपणा शेवटपर्यंत जिभेवर राहतो आणि मग पोट्टी म्हणते चॉकलेट कडू लागते अन् तुम्ही कोकोला शिव्या देता. दाणे कोरडे करून कढईत जरासे भाजा, रंग येईपर्यंत नाही, फक्त कच्चा वास जाईपर्यंत. मग मिक्सरमधून अर्धा लिटर पाणी थोडं थोडं घालत बारीक वाटा, सुती फडक्यातून गच्च पिळून घ्या. लाइट नसली तर पाट्यावर वाटा, आमच्या आजीच्या हातचं तर पाट्यावरचंच, आणि ते मिक्सरपेक्षा बारीक निघायचं. चोथा फेकू नका, चटणीत जातो. पिळून दूध अर्ध्या लिटरपेक्षा कमी भरलं तर तेवढं पाणी घालून अर्धा लिटर करा.

आता जाड बुडाचा गंज, म्हणजे पातेलं, घ्या. त्यात कोरडंच मोठे तीन चमचे कोको, सपाट सहा चमचे साखर, सपाट चार चमचे कॉर्नफ्लॉर आणि चिमूटभर मीठ एकत्र कालवा. मोठा चमचा म्हणजे पंधरा मिलीचा, वरण वाढायची पळी नाही. कोरडं कालवायचं कारण असं की कोको पाण्याला सहजी धरत नाही, वर तरंगतो आणि गोळ्या करतो, साखरेचे दाणे मधे आले की तो सुटा राहतो. मग गार दूध, गारच बरं का, आधी अर्धी वाटी घालून पेस्ट करा आणि नंतर बाकीचं. गरम दुधात कॉर्नफ्लॉर टाकलं की प्रत्येक कण बाहेरून शिजतो, आत कोरडा राहतो, त्याच त्या गुठळ्या, आणि त्या मग घोटून जात नाहीत, गाळूनच काढाव्या लागतात.

गंज मंद आचेवर ठेवा, चूल असेल तर जाळ मागे ओढून नुसत्या निखाऱ्यावर. सराट्यानं बुडापासून हलवत राहा. सात-आठ मिनिटं काहीच होत नाही, पातळच्या पातळ, आणि माणूस म्हणतो अजून एक चमचा पीठ टाकावं. टाकू नका! एकदम घट्ट होतं ते, पिठलं होतं तसं. वर बुडबुडे फुटायला लागले की आणखी दोन मिनिटं हलवा म्हणजे कच्च्या पिठाची चव जाते, आणि उतरवा. उतरवल्यावर वेलची घाला किंवा जायफळ किंवा व्हॅनिला, एकच. तिन्ही नको, बासुंदी नाही करायची आपल्याला.

स्टीलच्या वाट्यांत ओता. पाच-सहा वाट्या होतात. वर साय धरू नये म्हणून केळीच्या पानाचा ओला तुकडा पुडिंगला टेकवून ठेवा. फ्रिज असेल तर दोन तास, नसेल तर परातीत माठाचं पाणी घेऊन त्यात वाट्या ठेवा, पाणी एकदा बदला. वरून भाजल्या दाण्याचं कूट भुरभुरलं की झालं. मेणबत्तीच लावायची असेल तर वाट्यांऐवजी एका खोल ताटलीत ओता.

एक मात्र विचारायचं राहिलं. तुम्ही लिहिलं दूध पचत नाही. पोट दुखतं, गुरगुरतं, म्हणजे बहुतेक दुधातली साखर पचत नसावी, ती गोष्ट वेगळी. पण अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील तर ती ॲलर्जी, तिथे थेंबभर दूधही चालत नाही, आणि अशा लेकरांना कधी कधी दाण्याचीही ॲलर्जी असते. तसं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारा आणि मग गंज चढवा.

प्रश्न : "दुकानात कोको मागितला तर दुकानदारानं ड्रिंकिंग चॉकलेट दिलं, म्हणे एकच आहे. अन् चॉकलेटच्या वडीवर हिरवा ठिपका आहे म्हणजे त्यात दूध नसनच न?"
– पुसद

उत्तर : दोन्ही नाही. ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये साखरच जास्त असते आणि काहींत दूध पावडरही, त्यानं पुडिंग नुसतं गोड होईल, काळं होणार नाही. पाकिटावर नुसतं कोको पावडर लिहिलेलं पाहिजे, चाटून पाहिलं तर कडू लागलं पाहिजे. मिळालंच नाही तर केक-बिस्किटाचं सामान विकणाऱ्याकडे सुटं मिळतं.

हिरव्या ठिपक्याचा घोळ खूप जणींचा होतो. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्या कायद्यात दूध शाकाहारीच आहे. म्हणून दुधानं भरलेल्या वडीवरही हिरवा ठिपका असतो आणि तो खोटा नसतो. दूध आहे की नाही हे मागच्या बाजूला बारीक अक्षरात शोधा, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर ऑइल यांतलं काही दिसलं की ठेवून द्या. घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची ओळ असते, तिथे मिल्क लिहिलेलं असतं, चष्मा नसेल तर पोराला वाचायला लावा. २०२२ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, व्हेगन म्हणजे दुधासकट जनावराचं काहीच नसलेल्या खाण्याचे वेगळे नियम काढले, त्यांचं चिन्हही वेगळं आहे, हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्याला छोटंसं पान. ते दिसलं तर घ्या, फक्त ॲलर्जी असेल तर ॲलर्जीची ओळ तरीही वाचा. पण आपल्या आठवडी बाजारात ते दिसेल असं मी म्हणत नाही.

आणि हो, कोको बटर वाचून घाबरू नका. नावात बटर आहे पण ते लोणी नव्हे, कोकोच्या बीमधलंच तेल आहे, झाडाचं. बिया आंबवून, वाळवून, भाजून, दळून दाबल्या की तेल बाजूला होतं आणि उरलेल्या पेंडीची पूड म्हणजे आपला कोको. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हौटेन घराण्यानं दाबायचं यंत्र काढलं तेव्हापासून ही पूड स्वस्त झाली. म्हणजे घाण्याचंच काम, आपल्याकडे जवसाची पेंड ढोरांना जाते आणि तिकडची पेंड आपण वाटीत घालून खातो.

प्रश्न : "मी तुमची ओळ वाचून घरीच केलं. पहिले एकदम मस्त घट्ट झालं, पोरांनी गंजातच चमचे घालून चाखलं, अन् संध्याकाळी पायतो तर पाणीच पाणी. कॉर्नफ्लॉर भेसळीचं असन काय?"
– हिंगणघाटकडची एक मावशी

उत्तर : मावशी, भेसळ नाही, चमचे. खरंच सांगते. आपल्या लाळेत पिठाची साखर करणारं एक द्रव्य असतं, म्हणून तर भाकर खूप वेळ चावली की गोड लागते. तोंडातला चमचा परत गंजात गेला की ते द्रव्य पुडिंगमध्ये आपलं काम चालू करतं. कढत असताना त्याचा जोर चालत नाही, पण कोमट झालं की चालतो, आणि दोन-चार पोट्ट्यांचे चमचे म्हणजे संध्याकाळपर्यंत कढी. चाखायचं तर वाटीत वेगळं काढून चाखा. आमच्या घरी आजेसासूबाई खिरीच्या पातेल्यात उष्टा चमचा घालू द्यायच्या नाहीत, आम्ही म्हणायचो सोवळं, पण पातेल्याचंही भलं त्यातच होतं.

दुसरं एक कारण, गार होऊन बसल्यावर पुन्हा घोटलं तरी पाणी सुटतं. बसलेलं मोडायचं नाही. आणि फ्रिजरमध्ये ठेवलं असेल तर ते सुटतंच, कुल्फी समजू नका त्याला.

भेसळीवरून आठवलं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दुकानात मक्याचं पीठ मागितलं, त्यानं पिवळं पीठ दिलं, रोट्या करतात ते. मीही घातलं. नंतर जे झालं ते आम्ही चॉकलेटचं पिठलं म्हणून ज्वारीच्या भाकरीसंगं खाल्लं नाही एवढंच. कॉर्नफ्लॉर म्हणजे मक्यातलं नुसतं स्टार्च, पांढरंशुभ्र, बोटात धरलं तर कुरकुर वाजतं. ते मागा.

प्रश्न : "आमच्याकडे सोयाबीन पोत्यानं पडून आहे, भाव नाही म्हणून इकलं नाही. त्याचं दूध काढून होईल का? एकदा काढलं होतं तर वास असा की कुत्र्यानंही तोंड फिरवलं."
– वाशीम जिल्हा, नाव छापू नका म्हणाले

उत्तर : छापत नाही दादा. होतं, आणि दाण्याच्या दुधापेक्षा घट्टही बसतं. पण आधी एक गोष्ट, आणि ही मी जोरात सांगते. पेरणीसाठी आणलेल्या थैलीतलं, औषध लावलेलं, गुलाबी-लाल रंगाचं बियाणं कधीही खाण्यात घ्यायचं नाही. धुऊन, उकळून, कशानंही नाही. मळणीतून घरी आलेलं स्वच्छ खाण्याचं सोयाबीन घ्या, नाहीतर किराण्यातलं.

वास येतो तो कच्चं सोयाबीन गार पाण्यात वाटल्यानं. दाणा फुटला आणि पाणी लागलं की त्यातलं एक द्रव्य तेलावर काम करतं आणि हिरवट वास तयार होतो, ते द्रव्य उष्णतेनं मरतं. म्हणून शंभर ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, चोळून टरफलं काढा, मग खळखळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका आणि गरम असतानाच वाटा, पाणीही गरमच घाला, सगळं मिळून पाऊण लिटर. गाळल्यावर दूध किमान दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, हे चुकवायचं नाही, कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारं द्रव्य असतं ते उकळल्यावरच जातं. उकळताना फेस असा चढतो की निम्मं चुलीत, म्हणून मोठा गंज घ्या. हे दूध पूर्ण गार झाल्यावर अर्धा लिटर मोजून घ्या, पुढचं सगळं वरच्यासारखंच. फक्त गूळ घालायचा मोह नको, गुळानं सोयाचं दूध कधी कधी फाटतं. घालायचाच असेल तर उतरवल्यावर, किसून.

चोथा थालीपिठात घाला, झुणक्यात घाला, पण झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, लगेच आंबतो.

प्रश्न : "एकादशीले चालन का हे?"
– लाखनी, भंडारा

उत्तर : कॉर्नफ्लॉर उपासाला कोणी धरत नाही. पण तुम्ही तलावांच्या जिल्ह्यात राहता आणि मला विचारता! शिंगाडा कुठला, तुमच्याच मामा तलावांतला, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांतला. कॉर्नफ्लॉरच्या जागी शिंगाड्याचं पीठ घ्या, चारऐवजी पाच चमचे, आणि दोनऐवजी चार-पाच मिनिटं शिजवा, कारण ते नुसतं स्टार्च नाही, अख्ख्या फळाचं पीठ आहे. रंग जरा मातकट येतो, कोकोमध्ये तो कुठे दिसतो. चव मात्र मला कॉर्नफ्लॉरपेक्षा जास्त आवडते, खरपूस आणि थोडी गोडसर. ओल्या शिंगाड्याचे तुकडे वर घातले तर आणखीच.

राहिला कोको. तो उपासाला चालतो का हे कोणत्या पोथीत असणार, पोथी लिहिली तेव्हा तो इकडे आलाच नव्हता. मग साबुदाणा तरी कुठे आला होता, किंवा आलू. तुमच्या सासूबाईंना विचारा, त्या चहा घेत असतील उपासाला तर कोकोला नाही म्हणणं जरा अवघड जाईल त्यांना.

प्रश्न : "मे महिन्यात लग्न आहे, पंगतीत वड्या कापून वाढता येतील असं काही? इथे ४५ पारा अन् लाइटचा भरवसा नाही. चॉकलेट वितळन न."
– अकोट

उत्तर : वडीचं चॉकलेट वितळणारच, कोको बटर साधारण ३४ अंशाला पातळ होतं, तुमच्या मांडवात तर ते सकाळी नऊलाच वाहील. खोबरेल घालून लाडू वळायच्या रेसिपी फिरतात त्याही तुमच्या कामाच्या नाहीत, खोबरेल २४ अंशालाच सुटतं. थंडीत बाटलीतलं गोठतं ते दिवस वेगळे.

तुम्हाला चायना ग्रास पाहिजे. समुद्री शेवाळाचं असतं ते, पूर्ण वनस्पतीचं. जिलेटिन घेऊ नका, ते जनावराच्या हाडा-कातड्याचं. चायना ग्रासची गंमत अशी की एकदा बसलं की साधारण ८५ अंशापर्यंत वितळत नाही, म्हणजे अकोटच्या मे महिन्यालाही पुरून उरतं. फक्त बसायला त्याला ३५-४०च्या खाली यावं लागतं, म्हणून ओतल्यावर परातीत गार पाण्यात ठेवायचंच, नाहीतर दुपारी ते हलतच राहील.

अर्ध्या लिटर मिश्रणाला पाच ग्रॅम दोऱ्या, म्हणजे दहा ग्रॅमचं पाकीट अर्धं. कात्रीनं कापून अर्धा तास भिजवा, वाटीभर पाण्यात वेगळं उकळून पूर्ण विरघळवा, धागा दिसला तर अजून उकळा. कॉर्नफ्लॉर निम्मं करा, दोनच चमचे. दोन्ही गरम असताना एकत्र करून तेल लावलेल्या ताटात ओता. वड्या सुरीनं कापल्या जातात, पळसाच्या द्रोणात देता येतात. पण वितळलं नाही म्हणजे टिकलं असं नाही हां. दाण्याचं दूध उन्हाळ्यात लवकर आंबतं, सकाळी केलं तर दुपारच्या पंगतीला संपवा, रात्रीसाठी ठेवू नका.

प्रश्न : "संत्र्याचा रस टाकला तर पातळ झालं."
– वरूड

उत्तर : टाकला कधी? शिजताना टाकला असणार. आंबटानं कॉर्नफ्लॉरचा जोर मोडतो. रस नकोच, साल घ्या. संत्रं धुऊन वरची केशरी साल बारीक किसणीवर अलगद किसायची, पांढरं आलं की कडू, चिमटीभर किस उतरवल्यावर घालायचा. चॉकलेट आणि संत्र्याच्या सालीची जोडी जगभर चालते आणि तुम्ही तर संत्र्याच्या गावातच बसून आहात. रस हवाच असेल तर वाढताना वरून दोन चमचे, आत नाही.

आणि एक पत्र प्रश्नाचं नाही, रागाचं आहे. चिखलीजवळच्या एका आजोबांनी लिहिलं आहे की "तुम्ही आता चॉकलेट शिकवून राहिल्या. रोडगे, पुरणपोळी, गुळाचा शिरा हे मेलं काय? परदेशी खाणं आपल्याले काय कामाचं?"

आजोबा, रोडगे मेले नाहीत, मागच्या हिवाळ्यात याच पानावर त्यांच्यावर अख्खा अंक निघाला होता, तेव्हाही तुमचं पत्र होतं की वांग्याच्या भाजीत तिखट कमी सांगितलं म्हणून. आता त्याच तिखटाचं सांगते. मिरची मुळात अमेरिका खंडातली. फल्लीदाणा तिकडचाच, मका तिकडचाच, आलू तिकडचा, आणि हा कोकोही तिकडचाच. बाकीचे आधी आले आणि आपल्या वावरात रुळले, कोको आपल्या कोरड्या हवेत रुळला नाही एवढाच त्याचा गुन्हा. त्याला दमट सावली लागते, म्हणून तो केरळात, आंध्रात, कर्नाटकात नारळ-सुपारीच्या खाली लावतात. म्हणजे आपल्या देशातलाच घेता येतो, पाकीट वाचून घ्या.

तुमच्या पत्रात शेवटी असंही आहे की नातवानं चॉकलेटचंच काहीतरी करून तुम्हाला दिलं आणि तुम्ही "बरं होतं" म्हणालात. किती वाट्या खाल्ल्या ते लिहिलं नाही. पुढच्या पत्रात लिहा, आणि साखर तपासून घ्या बाप्पा.